लाल अक्षरातली नोंदणी

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "तुमच्या धंद्याविषयी लिहा." मी विचारलं, "कुठल्या?" कारण माझे धंदे दोन. अर्धं आयुष्य मी दुकानांचे बोर्ड रंगवले आणि उरलेल्या आयुष्यात वेबसाइट बनवल्या. लोकांना ही दोन टोकं वाटतात. मला तसं कधी वाटलं नाही. दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच गोष्ट सांगतं, "ते नाव जरा मोठं करा की."

सोलापुरात नव्या पेठेतून तुम्ही पूर्वी कधी चालत गेला असाल, तर माझं अक्षर तुम्ही वाचलेलं आहे. साड्यांची दुकानं, सराफ, चष्मेवाले, 'पिको-फॉल करून मिळेल', 'उधारी बंद आहे' असं सगळं मी रंगवलं. खाली कोपऱ्यात बारीक 'विजू' लिहायचो. माझ्या 'ळ'ची गाठ बघायला शिकाऊ पेंटर मुद्दाम यायचे, असं मी सांगत असतो. खरं म्हणजे एकच आला होता, पण तो दोनदा आला.

मग फ्लेक्स आलं. मला जो बोर्ड करायला आठवडा लागायचा तो मशीन चहा पिऊन होईस्तोवर बाहेर टाकायचं. त्यावर मालकाचा फोटोही असायचा. माझ्या बोर्डावर मालकाचा फोटो कुठून येणार? गिऱ्हाइकं वाईट नव्हती, ती फक्त येईनाशी झाली. माझ्या मेहुण्यानं एका सुताच्या गोदामावर वॉचमनची जागा बघून ठेवली. "खुर्ची हाय, पंखा हाय, अजून काय पायजे भावजी?" असं तो म्हणायचा. बायको, सुलभा, मात्र माझे ब्रश रॉकेलात धुऊन सुकवून ठेवायची, काम नसलं तरी.

अशा दिवसांत मला एक बोर्ड मिळाला. कापडाच्या दुकानावर लोखंडी जिना चढून गेलं की एक कॉम्प्युटर क्लास होता. शिकवणाऱ्या नसरीन मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या. त्यांना फ्लेक्स नको होतं, रंगवलेलाच बोर्ड हवा होता. कारण विचारलं तर म्हणाल्या, "फ्लेक्सचा रंग उन्हात उडतंय काका. मेरेकू टिकनेवाला होना." कागदावर त्यांनी मजकूर दिला होता : 'डेटाबेसवर चालणाऱ्या वेबसाइट बनवायला शिका.'

मी आयुष्यात न समजलेले पुष्कळ शब्द रंगवले आहेत. डॉक्टरांच्या पदव्या तर सगळ्याच. पण त्या दिवशी 'डेटाबेस'मधल्या 'ड'ला वळण देता देता विचारलं, "मॅडम, हे काय असतं ओ?" त्यांनी मला जिन्यावरून आत बोलावलं, रंगाच्या हातानं खुर्चीवर बसवलं आणि माउस पुढं सरकवला.

वेबसाइट बनवायचं एक सॉफ्टवेअर त्या काळी होतं. पडद्यावर कोरं पान यायचं. त्यावर चौकट ओढायची, रंग भरायचा, अक्षर उचलून इकडून तिकडं ठेवायचं. पान जसं दिसतंय तसंच तयार होतं, आणि त्यासाठी लागणारं संगणकाच्या भाषेतलं लिखाण ते सॉफ्टवेअर मागच्या मागं स्वतःच लिहीत बसतं. समास, मधली मोकळी जागा, रंगाशेजारी कुठला रंग शोभतो हे सगळं मला येतच होतं. तासाभरात मी एक पान केलं. मॅडम बघत राहिल्या. म्हणाल्या, "काका, माझी मुलं महिनाभर शिकून एवढं नीट करत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला जायला लागलो. फीऐवजी क्लासच्या भिंती रंगवून द्यायच्या ठरल्या.

मॅडमची शिकवायची एक पद्धत होती. त्या विद्यार्थ्याच्या माउसला हात लावायच्या नाहीत. काही म्हणजे काही झालं तरी नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून मागं उभ्या राहायच्या आणि तोंडानं सांगायच्या. आपण चुकत राहायचं, घामाघूम व्हायचं, आणि मागून शांतपणे, "परत बघा. काय म्हणतंय ते वाचा आधी." मला पहिल्यांदा राग यायचा. मी उस्तादांकडे शिकलो तेव्हा उस्ताद हातातला ब्रश हिसकावून घ्यायचे आणि वर एक ठेवून द्यायचे. ही बाई हातच लावत नाही म्हणजे शिकवत नाही, असं वाटायचं. ती पद्धत काय मोलाची आहे ते मला पुढं एका भर सभेत कळलं.

नुसतं पान मला सोपं गेलं. डेटाबेसनं मात्र फेस आणला. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट. त्यात ओळीनं नोंदी असतात, आणि प्रत्येक नोंदीला नाव, वय, गाव, फोन असे रकाने. पानावर आपण यातलं काहीच लिहायचं नाही. लिहायची ती नुसती जागा. सॉफ्टवेअरमध्ये उजव्या बाजूला रकान्यांची नावं दिसायची. त्यातलं 'नाव' उचलून पानावर टाकलं की तिथं महिरपी कंसात नुसतं 'नाव' असं दिसायचं. कुणाचं नाव? कुणाचंच नाही. जो पान उघडेल आणि जे मागेल ते तिथं येणार.

मी म्हटलं, "मॅडम, आयुष्यभर मी नावं लिहिली. आता नुसती जागा लिहू?"

"जागाच लिहा काका. नाव ज्याचं त्याचं येतं."

दोन दिवस डोक्यात काही शिरेना. मग आठवली स्टेन्सिल. ट्रकवर नंबर टाकताना, निवडणुकीत भिंती रंगवताना पत्रा एकदाच कापायचा, मग भिंत कुठली का असेना. पान म्हणजे पत्रा! मी एवढ्या जोरात 'आयला' म्हणालो की शेजारच्या मुली हसल्या. उत्साहात मी पाच मुलांची यादी दाखवणारं पान केलं, तर त्यात एकच मुलगा दिसायला लागला. मॅडम मागं हात बांधून उभ्या. म्हणाल्या, "स्टेन्सिल एकदाच मारली तुम्ही. बाकीच्यांना कोण मारणार?" त्या सॉफ्टवेअरला 'हा भाग पुन्हा पुन्हा कर' असं सांगावं लागायचं, ते मी विसरलो होतो.

एक दुःख मात्र होतं. त्या काळी मराठी अक्षर वेबसाइटवर धड दिसायचं नाही. आपण 'सोलापूर' लिहावं आणि समोरच्याच्या पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटावी. त्यामुळे माहिती इंग्रजी लिपीत भरायची. मी मथळे मात्र ब्रशनं कागदावर रंगवायचो, स्कॅन करायचो आणि चित्र म्हणून पानावर चिकटवायचो. संगणकात माझं अक्षर बघून मला जे वाटलं ते कसं सांगू? बारशाला पोर मांडीवर घेतल्यासारखं वाटलं.

पहिलं काम चालत आलं ते जुन्या ओळखीनं. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांची वस्ती आहे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिथल्या एका वधूवर सूचक मंडळाचा बोर्ड मी वर्षानुवर्षं रंगवत होतो. मंडळाचे सचिव राजेशमअण्णा. चादरींचा छोटा कारखाना होता त्यांचा. त्यांना वेबसाइट हवी होती. मुलगा-मुलगी वय, शिक्षण, गोत्र टाकून शोधता आली पाहिजेत. पुण्याच्या एका कंपनीशी त्यांचं बोलणं चाललं होतं. मी गेलो आणि म्हणालो, "अण्णा, बोर्ड माझा, मग वेबसाइट परक्याची कशाला?"

अण्णा म्हणाले, "पेंटर, मेळाव्यात चालवून दाखवा. चालली तर तुमचं काम. न्हायतर पुणं हायच की."

मेळावा महिनाअखेरीला होता. गोदामावरची जागा एक तारखेपासून. मेहुणा रोज विचारायचा. सुलभा म्हणाली, "मेळावा होऊ दे, मग सांगू." तेव्हा त्या एका दिवसावर माझं काय लागलेलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

आता इथं थोडं धंद्याचं सांगतो. डेटाबेसात प्रत्येक नोंदीला एक खूण लागते, जी दुसऱ्या कुणाची नसते. नावं सारखी असू शकतात, म्हणून नाव चालत नाही. मॅडम म्हणाल्या, "नुसता क्रमांक द्या. मशीन आपोआप पुढचा पुढचा देतं. एकदा दिलेला पुन्हा कुणाला देत नाही."

मला ते पटेना. ज्या आकड्याला काही अर्थ नाही असा आकडा माणसाला कशाला चिकटवायचा? मी पेठेतल्या अर्ध्या दुकानांचे फोन नंबर रंगवलेले. एकाचा नंबर दुसऱ्याला नसतो, हे मला माझ्या ब्रशाइतकं पक्कं ठाऊक. म्हटलं, "मॅडम, फोन नंबर हीच खूण ठेवतो." त्या म्हणाल्या, "मी असती तर नसतं ठेवलं. पण साइट तुमची आहे." हात पाठीमागंच.

एकच फोन नंबर दोनदा आला तर काय? मंडळी लबाडीनं दोनदा नाव नोंदतात, अण्णांची तक्रारच होती तशी. म्हणून मी एक खास पान केलं. विजेच्या डब्यावर 'धोका' रंगवायचो त्या लाल रंगात, जाड, सावली दिलेल्या अक्षरांत लिहिलं : 'नोंदणी नाकारली'. दोन रात्री घालवल्या त्या अक्षरांवर. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या कामांत ते धरायला हरकत नाही. नोंदणी झाली तर मात्र बारीक अक्षरांत एक ओळ यायची. तिकडं लक्षच दिलं नव्हतं.

मंडळाच्या समितीतल्या लोकांची नावं टाकून चाचणी केली. लोण्यासारखी चालली. समितीतल्या सगळ्यांकडं स्वतःचे फोन होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मेळाव्याचा दिवस. हॉल गच्च भरलेला, उकाडा, वर पंखे, अगरबत्ती आणि भाताचा वास. इंटरनेटचा भरवसा नव्हता म्हणून वेबसाइट हॉलमधल्याच संगणकावर ठेवली होती. अण्णांनी हौसेनं प्रोजेक्टर आणला होता. मी टाइप करेन ते मागच्या भिंतीवर, पांढऱ्या चादरीवर दिसायचं. नसरीन मॅडम पाहुण्या म्हणून आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या. पहिल्या काही नोंदी झाल्या. लोक भिंतीवर आपल्या मुलाचं नाव बघून टाळ्या वाजवत होते.

मग यल्लप्पामामा पुढं आले. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस, कापसाच्या धुळीनं खोकणारा. बरोबर मुलगी अंबिका. तिशी उलटलेली, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर जाणारी. एक पाय थोडा ओढत चालायची. तिला किती घरांनी नाही म्हटलं होतं ते वस्तीला माहीत होतं, आणि वस्तीला माहीत आहे हे तिला माहीत होतं. मेळाव्याला यायला ती तयार नव्हती. मामांनी समजूत घातली होती, म्हणे, "मान्सं न्हाय म्हनतेत, मशीन कशाला न्हाय म्हनंल?"

मी नाव टाकलं, वय, शिक्षण, गोत्र. फोन नंबर मामांनी तोंडपाठ सांगितला. बटण दाबलं.

भिंतीएवढ्या चादरीवर अंबिकेच्या नावाखाली लाल अक्षरं उमटली : 'नोंदणी नाकारली'.

मामांनी अक्षरं लावून लावून वाचली. मग माझ्याकडं वळले. "पेंटर, माज्या पोरीला मशीन बी न्हाय म्हनलं व्हय ओ?"

मागून कुणीतरी ओरडलं, "नंबर तर आमच्या चाळीचाच हाय! कोपऱ्यावरच्या दुकानाचा. पी.पी. हाय त्यो!"

आजच्या पोरांना सांगावं लागतं. घरोघरी फोन नव्हते तेव्हा लोक शेजाऱ्याचा, वाण्याचा, कारखान्याचा नंबर द्यायचे आणि त्यापुढं 'पी.पी.' लिहायचे. फोन आला की वाणी हाक मारायचा. अख्ख्या चाळीचा नंबर एक. त्याच चाळीतल्या एका मुलाचं नाव थोड्या वेळापूर्वीच नोंदलं गेलं होतं. आणि 'पी.पी.' ही दोन अक्षरं मी स्वतः किती बोर्डांवर रंगवली असतील! हातानं लिहिलेलं डोक्यात शिरत नाही ते असं.

राजेशमअण्णा उठले. "बंद करा पेंटर. लोकांची शोभा नको. आपलं जुनं हातानं लिवायचं बरं होतं."

मी अंबिकेकडं बघायचं टाळत होतो. तीच बोलली. भिंतीकडं बघत, अगदी सावकाश, "अक्षर मात्र लई चांगलं काढलंय, काका."

ती टोमणा मारत होती की खरंच म्हणत होती, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या वाक्यानं हॉलमधला ताण थोडा सैल झाला. कुणीतरी हसलं, तीही हसली. आणि मला रडू यायचं बाकी राहिलं.

नसरीन मॅडम उठून पुढं आल्या. मामांना म्हणाल्या, "मामू, मशीननं नाही म्हटलेलं नाही. मशीनला काय कळतंय? आम्हीच त्याला चुकीचं शिकवलं. सुधारतो आम्ही." आम्ही म्हणाल्या. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, हे भरल्या हॉलमध्ये त्या एका वाक्यात सांगू शकल्या असत्या. त्यांचा क्लास त्या वस्तीतल्या मुलांवर चालायचा, नाव त्यांचंही पणाला लागलेलं होतं. तरी त्या 'आम्ही' म्हणाल्या. मग अण्णांकडं वळल्या, "अण्णा, जेवणं आधी घ्या की. पंगत उठेस्तोवर होतंय."

पंगत बसली. मी खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. म्हटलं, "मॅडम, बसा तुम्ही. मला नाही जमायचं."

"नक्को. बोर्ड तुमचा आहे, तुम्हीच पुसा." आणि त्या माझ्या मागं उभ्या राहिल्या, हात पाठीमागं बांधून.

तेव्हा मला ती पद्धत उमगली. क्लासमध्ये त्यांनी माझा माउस धरला असता, तर त्या दिवशी मला काहीच आलं नसतं. पण सगळ्या चुका माझ्या मीच केलेल्या असल्यामुळे वाटा पायाखालच्या होत्या. कपाटात एक नवा रकाना केला, क्रमांकाचा, आपोआप वाढणारा. फोन नंबराची खूण काढली, क्रमांकाला दिली. मग एकेक पान उघडलं. जिथं जिथं पान फोन नंबर विचारून नोंद शोधत होतं, तिथं क्रमांक विचारायला लावलं. मध्ये एकदा सगळी यादीच गायब झाली. मागून आवाज आला, "काय म्हणतंय ते वाचा आधी." वाचलं. एका पानावर रकान्याचं जुनं नाव राहिलं होतं. ते बदललं, यादी परत आली. अंबिका जेवायला गेली नव्हती. शेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि पडद्यावरचं पान बघत होती. एकदा म्हणाली, "शिलाई उसवून परत घालायची, तसंच हाय की हे." मी म्हटलं, "तसंच आहे बाई."

पंगत उठली. मामा हात पुसत आले. मी पुन्हा तिचं नाव, वय, गोत्र, तोच चाळीचा फोन नंबर टाकला. बटण दाबताना डोळे मिटले होते, हे खोटं सांगत नाही.

नोंदणी झाली. पण ती सांगणारी ओळ इतकी बारीक होती की मागच्यांना दिसेना. "काय झालं? काय झालं?" असा गलका झाला. मामांनी चादरीला नाक लावून वाचलं आणि वळून तेलुगूत ओरडले. टाळ्यांवरून मला अर्थ कळला. नाकारायला मी दोन रात्री घालवल्या होत्या आणि स्वीकारायला एक बारीक ओळ! घरी जाऊन पहिलं काम ते केलं. हिरव्या रंगात, पानभर, 'नोंदणी झाली'. लाल चित्र काढून टाकलं.

एक तारखेला मेहुण्याला निरोप धाडला, खुर्ची आणि पंखा दुसऱ्या कुणाला दे म्हणून.

पुढं कामं येत गेली. बार्शीच्या एका आडत दुकानदाराला धान्याचे भाव वेबसाइटवर हवे होते. करून दिलं. रोज सकाळी तो मला फोन करायचा, "विजूशेठ, आपल्या वेबसाइटवर आज ज्वारीचा भाव काय हाय ओ?" भाव त्यानंच टाकलेला असायचा! त्याला फक्त तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता. माळशिरसकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाला बोकड विकायचे होते. प्रत्येक बोकडाचा फोटो आणि खाली नाव, कारण त्यांच्यात प्रत्येकाला नाव होतं. गंमत करत काम केलं, पोट भरलं.

आता ते सॉफ्टवेअर कुणी वापरत नाही. क्लासच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. नसरीन मॅडम लग्न होऊन हैदराबादला गेल्या. तिकडं कॉलेजात शिकवतात आणि ईदला फोन करतात. हल्लीची पोरं फोनवर चार बोटं फिरवून वेबसाइट करतात, आणि चांगली करतात. पण बिघडलं की त्यांना काही सुचत नाही. हात पाठीमागं बांधून उभं राहणारं त्यांना कुणी भेटलेलं नसतं.

एक राहिलं. मेळाव्यानंतर वर्ष उलटलं असेल. यल्लप्पामामा माझ्याकडं आले, बरोबर अंबिका. तोवर चाळीतल्या एका घरात फोन आला होता, तोही पी.पी. म्हणून सगळ्यांचा. मामा उभ्या उभ्याच म्हणाले, "पेंटर, पोरीचं नाव पुसा."

मी विचारलं, "का ओ मामा? काही चुकलं का?"

"ठरलं की! भिवंडीचा हाय. तुमच्या त्या मशीनमधनंच बघितलं त्यानी. आता कशाला ठिवायचं नाव तितं?"

नोंद पुसायचं पान मी सगळ्यात शेवटी शिकलो होतो, आणि भीतभीत. पुसलेलं परत येत नाही. फ्लेक्सवाल्यांनी माझी नावं पुसली तेव्हापासून पुसणं या शब्दाचाच राग होता मला. मी अंबिकेची नोंद उघडली. मशीननं विचारलं, नक्की पुसायची का? मी तिच्याकडं बघितलं.

"पुसा की काका," ती म्हणाली.

पुसली. वर एक क्रमांक होता, ज्याला काही अर्थ नाही म्हणून मी मॅडमशी भांडलो होतो. यादीत तेवढा एक क्रमांक सुटला. तो पुन्हा कुणाला मिळाला नाही.

मी संगणक बंद करायला लागलो, तशी मामांनी पिशवीतून एक घडी केलेलं पांढरं कापड काढलं आणि टेबलावर पसरलं. मांडवाच्या दारावर लावायचं. "फ्लेक्स नको म्हनतीया. तितलं नाव पुसलं न्हवं, आता हितं लिवा."

सुलभानं धुऊन ठेवलेले ब्रश खाली काढले. मी लाल रंगाचा डबा उघडला. अंबिका शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "माझं नाव जरा मोठं काढा की."